तिसऱ्या हाकेपर्यंत

भात कापून झाले की खाडीकाठच्या दुपारीतून आवाज निघून जातो. पावसाळाभर काही ना काही वाजत असते. पन्हळ वाजते, बेडूक ओरडतात, बांधावरून पाणी उतरत असते, माडांच्या झावळ्या एकमेकींवर घासतात. आश्विन अर्धा सरला की हे सगळे एकेक करून बंद पडते. ऊन पांढरे होते. कापलेल्या मळ्यात चालले तर पायाखाली धसकटे कडकडतात आणि पाऊल थांबले की तीही गप्प होतात. चतुर तेवढे असतात, कमरेच्या उंचीवर, शेकड्यांनी. पण चतुरांना आवाज नसतो. खाडीचे पाणी निवळलेले असते आणि भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी काही मिनिटे ते अजिबात हलत नाही. पलीकडचे माड त्यात उलटे दिसतात आणि उलटे माड सुलट्या माडांपेक्षा अधिक खरे वाटतात.

आता खाडीवर पूल आहे. गाड्या वरून जातात. खाली जुना धक्का आहे, त्याच्या पायऱ्यांवर कालवे चिकटली आहेत. दर वर्षी या दिवसांत गावी आलो की एका दुपारी मी तिथे जाऊन बसतो. काम काहीच नसते. कान मात्र आपोआप पलीकडे लागतात.

पन्नासचे दशक संपत आले होते तेव्हाची ही गोष्ट. आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता आणि मी खाडीच्या अलीकडच्या शाळेत तात्पुरता मास्तर होतो. अलीकडे मालवणचा रस्ता, डॉक्टर, बाजार, कचेरी. पलीकडे, आमच्या बोलीत पलतडीला, भातशेतीची वाडी, मग टेकडी. दोहोंच्या मध्ये तर. माणसे ने-आण करणाऱ्या होडीला आमच्याकडे तर म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला तारी. पलीकडच्या वाडीत एकाच्याही दारात होडी नव्हती. ती माणसे चिखलातली होती, पाण्यातली नव्हती. तर नसेल तर खाडीच्या उगमाकडून वळसा घालून यावे लागे आणि त्याला धडधाकट माणसाचा एक दिवस जाई.

तरीला हाक मारायची एक रीत होती. सकाळी एक हाक पुरे. 'तर हाडाऽऽ', म्हणजे तर आणा, असे पलीकडून आले की तारी तोंडाने ओ देत नसे. तो वल्हे होडीच्या काठावर दोनदा आपटायचा. त्या ठक्-ठक् आवाजाचा अर्थ होता: ऐकले, येतो. आणि एकदा वल्हे वाजवले की होडी गेलीच पाहिजे, मग वारा असो की पाऊस. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला मात्र एका हाकेवर कोणी वल्हे वाजवीत नसे. पहिली हाक कोणाचीही असू शकते. दुसरी पाण्यावरून परत आलेली असू शकते. तिसरी माणसाची. पाण्यात गेलेल्यांना एकदाच हाक मारता येते, दम तेवढाच उरलेला असतो, असे जुने तारी सांगत. त्या एका हाकेला ओ देऊन निघालेला तारी मधल्या धारेपर्यंत पोचतो आणि मग त्याला आपण कोणाकडे चाललो आहोत ते आठवत नाही.

हे मी तेव्हा हसून ऐकत असे. मास्तर होतो.

त्या वर्षीच्या श्रावणात भिवा ताऱ्याची बायको जनी बुडाली. उतरायच्या जागी धक्का नव्हता. शेवाळलेले काळे खडक होते आणि त्यांच्यावरून पाय टाकत उतरावे लागे. जनी पलीकडच्या वाडीतली, माहेराहून परत येत होती. होडी भिवाचीच होती. ओहोटीच्या ओढीने होडी फिरली, जनीचा पाय घसरला आणि ती खडक आणि होडी यांच्या मधल्या फटीत गेली. डोक्यावरची दुरडी तरंगत राहिली. भिवाने उडी मारली, इतरांनी मारल्या. दुरडी मिळाली. जनी मिळाली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. दर्भाची बाहुली करून तिची क्रिया झाली.

धक्क्याचा अर्ज त्याआधीच कचेरीत पडलेला होता. जनीनंतर आणखी दोन अर्ज गेले. 'विचाराधीन आहे' एवढेच उत्तर येत होते. आश्विन लागला तसे ताऱ्यांनी ठरवले की धक्का बांधायला घेईपर्यंत तर बंद.

पुढारी होते आबा. सगळ्यांत जुने तारी. तरुणपणी ते शिरोड्याला मिठाच्या सत्याग्रहाला गेले होते आणि तिथल्या लाठीची खूण त्यांच्या कपाळावर होती. शाळेच्या पडवीत सभा भरली. निवेदन लिहायला मला बोलावले होते. मी ते काळजीपूर्वक लिहिले होते: मागणी एक, कारणे चार, आणि शेवटी एक ओळ की या काळात आजारी व्यक्तींना तरीची सवलत राहील. त्या ओळीचा मला अभिमान वाटत होता. आपले म्हणणे मांडताना दुसऱ्याचा जीव अडकू नये, इतकी अक्कल आपल्याकडे आहे हे कचेरीला कळावे, असे वाटत होते.

"मास्तरानु, ह्या सवलतीचा काय?" एका ताऱ्याने विचारले. "उद्या अर्धी पलतड आजारी पडतली."

"पयले आजारी पडतले राधाक्काचे बांगडे," मागून कोणीतरी म्हणाले आणि पडवी हसली. राधाक्का म्हणजे मासेवाली.

आबा हसले नाहीत. "खरो आजारी कोण आणि खोटो कोण, ह्या बाजूक बसान कसा कळतला?"

उत्तर मी दिले. म्हणालो, "तीन हाका. दुपारी तुम्ही तिसऱ्या हाकेवरच होडी सोडता ना? तोच नियम दिवसभर लावा. ज्याची गरज खरी, तो तीन वेळा ओरडेल. ज्याची नाही, तो एकदा ओरडून घरी जाईल."

"मास्तरांचा डोक्या चलता," आबा म्हणाले. भिवा कोपऱ्यात बसला होता. मी तो नियम निवेदनात सवलतीच्या ओळीपुढे लिहून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गाऱ्हाणे झाले. आमच्याकडे कागदावर लिहिलेले कचेरीसाठी असते आणि देवळात बोललेले माणसांसाठी. वल्ही धुऊन गाभाऱ्यासमोर आडवी ठेवली होती. गाऱ्हाणे घालणारा घाडी म्हातारा होता पण त्याचा आवाज खणखणीत होता.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुजी तारी लेकरां तुज्या पायाकडे इली हत. जोपर्यंत धक्क्याचो दगड पडणा नाय, तोपर्यंत तर सोडूची नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"आजारी माणसान तीनदा हाक मारली, तर तेवढ्यापुरती सोडूची. तीनदा, देवा. कमी न्हय..."

"व्हय म्हाराजा!"

मी मागे उभा होतो. दोन्ही वेळा सगळ्यांबरोबर म्हणालो.

आबांनी काठावर जाऊन पलीकडे जमलेल्या माणसांना ओरडून सांगितले. तर बंद. आजाऱ्यांना नेऊ. तीन हाका मारा. पलीकडची माणसे थोडा वेळ उभी राहिली, मग बांधावरून एकामागून एक परत गेली. कापणी तोंडावर होती. त्यांना उभे राहायला वेळ नव्हता.

पहिल्या सकाळी राधाक्का बांगड्यांची पाटी घेऊन आली. ती आमच्याच बाजूची, पण तिचे गिऱ्हाईक पलीकडे.

"आबानु, सोडा होडी."

"नाय गो. चार दिस कळ काढ."

"कळ मी काढीन. बांगडे काढूचे नाय. तुमचो सत्याग्रह ऱ्हवतलो कचेरीत, वास येतलो माज्या पाटयेक."

"म्हामलेदाराच्या दारात नेऊन वत ते," एक तारी म्हणाला.

"आणि तेना तळून खाल्ले तर?"

सगळे हसले, तीही हसली. मग तिने पाटी खाली ठेवली आणि खडकांकडे पाहत उभी राहिली. जनी आणि ती एका बाजाराला जात असत. थोड्या वेळाने म्हणाली, "बसा तुमी. जनीसाठी सुकयन मी चार दिस बांगडे." पाटी उचलून ती गेली.

या प्रसंगाचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. आंदोलनाने कोणाला तरी त्रास होतो. कोणालाच झाला नाही तर कोणी ऐकतच नाही, हे खरे आहे. कचेरीने तीन अर्ज वाचले नव्हते आणि बंद पडलेली होडी मात्र तिला वाचावी लागणार होती. राधाक्काचे नुकसान होत होते, पण तिला विचारले गेले होते. तिने भांडून, हसून, जनीचे नाव घेऊन होकार दिला. पलीकडच्या वाडीला आम्ही विचारले नव्हते. ओरडून कळवले होते. या दोन गोष्टींत खाडीएवढे अंतर आहे. तेव्हा ते मला दिसले नाही.

आबांना ते अर्धवट दिसले असावे. त्या संध्याकाळी ते एकदम म्हणाले, "शिरोड्याक आमी सरकाराच्या वाटेत बसलंव. लाठी सरकाराची, टाळक्या आमचा. हिशेब सरळ." मग पलीकडे हात करून म्हणाले, "हय आमी खंयच्या सरकाराच्या वाटेत बसलंव?"

मग पागोटे सावरून ते उठले. त्यांनी ते परत विचारले नाही.

संपाचे दिवस कसे होते ते सांगणे अवघड आहे, कारण त्यांत काही घडत नव्हते. होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. उन्हाने त्यांच्या फळ्यांमधून राळेचा वास येत होता. टपालाची थैली शाळेच्या खुंटीला लोंबत होती. शाळेत अर्धी जागा रिकामी होती. पलीकडून येणाऱ्या मुलांच्या पाट्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या होत्या आणि मी हजेरी घेताना त्यांची नावेही घेत होतो. नाव घेतले की वर्ग भिंतीकडे पाहायचा. चौथ्या नावानंतर मी थांबलो आणि उरलेली नावे मनातच वाचली.

दुपारच्या सुट्टीत मी काठावर जाई. तिथे झाड नव्हते. होड्यांच्या पुढे, उघड्या वाळूवर, आम्ही ओळीने बसत असू: आबा, भिवा, आणखी चार तारी आणि मी. सात जण. कोणी जाळे शिवीत नव्हते, पत्ते खेळत नव्हते. संपात काम करायचे नाही आणि करमणूक केली तर संपाची लाज जाते, असे आबांचे म्हणणे होते. म्हणून हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे आणि समोर पाहायचे. समोर पाणी, पाण्यापलीकडे उंडीचे मोठे झाड आणि त्याखाली पलीकडची उतरायची जागा. डोक्यावरच्या उन्हात त्या झाडाखालची सावली इतकी काळी दिसे की तिच्यात काही आहे की नाही हे ओळखता येत नसे. तोंडवलीच्या बाजूने येणारा समुद्राचा वाराही त्या तासाला पडलेला असे.

दुसऱ्या दिवशी त्या सावलीतून हाक आली.

"तर हाडाऽऽ"

बाईचा आवाज होता. मोठा नव्हता, पण पाणी स्थिर होते म्हणून स्वच्छ पोचला. शेवटचे अक्षर खाली पडायच्या ऐवजी वर गेले आणि तिथेच तुटले. आम्हा सातही जणांना तो आवाज माहीत होता. जनी अंगणातून गुरांना बोलवायची तेव्हा शेवटचे अक्षर असेच वर न्यायची.

भिवा उभा राहिला.

आबा बसूनच म्हणाले, "बस."

"आयकलास तुमी?"

"आयकलंय. एकच हाक. माणूस आसा तर परत मारतला. बस खाली."

आम्ही वाट पाहिली. किती वेळ, ते सांगत नाही, कारण मोजला नव्हता. ओहोटी लागली, उलटे माड मोडले, पाणी वाहू लागले. दुसरी हाक आली नाही. भिवा बसला. त्याच्या पोटऱ्यांना वाळू चिकटली होती. त्याच्या शेजारच्या ताऱ्याने त्याच्या धोतराचा सोगा मुठीत धरून ठेवला होता. तो त्याने बराच वेळ सोडला नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा मला तो नियम हसण्यासारखा वाटला नाही. खरे सांगायचे तर उठताना मी पाठ फिरवली नाही. दहा पावले मागे मागे चालत गेलो.

तिसऱ्या दिवशी सगळे लवकर येऊन बसले. कोणी तसे ठरवले नव्हते. भिवाने कमरेला पंचा आवळला होता. सावली पुन्हा काळी झाली. पुन्हा हाक आली.

"तर हाडाऽऽ"

कालच्यापेक्षा बारीक. शेवटचे अक्षर वर जाऊ लागले आणि अर्ध्यातच संपले.

भिवा होडीकडे धावला. वल्ही देवळात होती. तो नुसत्या हातांनी होडी लोटू लागला. दोघांनी त्याला मागून धरले.

"सोडा माका! तां माजा आसा. तेका ओ दिवक नाय कोणी. पयल्यान पण नाय, आतापण नाय!"

"भिवा, तां जनी आसात, तर तू जातलंस आणि येवचं नाय," आबा म्हणाले. "आणि माणूस आसात, तर हाक मारतला. देवाक काय सांगितलंव आपण?"

भिवा थांबला. मग तो माझ्याकडे वळला. "मास्तरानु, तुमी सांगा. तुमी लिवलास. कागदार काय आसा?"

निवेदनाची नक्कल माझ्या खिशात होती. ती काढायची गरज नव्हती. मला ती पाठ होती. तरी मी ती काढली, उलगडली आणि नियमाची ओळ वाचून दाखवली. प्रमाण मराठीत, वर्गात वाचतो तशी. तीन हाका.

"तीन," मी म्हणालो.

भिवाने होडीवरचे हात काढले. आम्ही सात जण पुन्हा ओळीने बसलो आणि त्या सावलीकडे पाहत राहिलो. तिसऱ्या हाकेपर्यंत आम्ही कोणी हलणार नव्हतो. ती आली नाही. दुसरीही नाही.

चौथ्या दिवशी पहिलीही आली नाही. सगळ्यांना सुटल्यासारखे वाटले.

पाचव्या दिवशी मालवणहून ओव्हरसियर आला. पलीकडच्या बाजूला एका वरच्या साहेबांचा दौरा ठरला होता आणि साहेबांना खाडी ओलांडायची होती. आमच्या चार कारणांपैकी कोणतेही कारण त्यात नव्हते. त्याने फीत लावून खडक मोजले, खुणेचे दगड पुरले, कागदावर सही दिली. घाडीने गाऱ्हाणे घालून वल्ही मोकळी केली. कोणीतरी नारळ फोडला. मी त्याच बैठकीत मुंबईच्या एका वर्तमानपत्राला बातमी लिहून काढली. तिचे शेवटचे वाक्य होते: 'पाच दिवस शिस्तीने पार पडलेल्या या संपात कोठेही अनुचित प्रकार घडला नाही.' ती छापून आली. माझी ती पहिली बातमी.

पहिली होडी भिवाने नेली. मी बरोबर गेलो, मुलांना शाळेत बोलवायला. मधल्या धारेत भिवाने एकदा वल्हे थांबवले, पाण्याकडे पाहिले आणि पुन्हा चालवले. काही झाले नाही. आम्ही उंडीखाली उतरलो. उन्हातून आल्यावर डोळ्यांना सावलीची सवय व्हायला थोडा वेळ लागला. मग दिसले की बुंध्याशी पालापाचोळा दाबला गेला आहे, कोणी तरी तिथे पुष्कळ वेळ टेकून बसल्यासारखा. आणि त्यापुढे, मातीवर, उंडीची हिरवी फळे एका ओळीत मांडलेली होती. मी ती मोजली. सात.

तिथून मागे वळून पाहिले. आमची बाजू उन्हात लख्ख दिसत होती. होड्या, वाळू, आबांचे पांढरे पागोटे, सगळे हाताच्या अंतरावर असल्यासारखे.

वाडीत पोचलो तेव्हा कळले. भिवाला आधी कळले, कारण बांधावर भेटलेल्या माणसाने त्याच्याशी बोलायचे टाळले. ते घर त्याच्याच सासऱ्याचे होते. जनीची धाकटी बहीण शेवंती हिला लहानपणापासून दमा. तो वाढला की ती मालवणला डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून घेई आणि परत येई. नेहमी एकटीच जाई, बांधाबांधावर बसत, म्हणून तरीशी पोचायला तिला दुपार होई. त्या दोन दिवशीही ती तशीच गेली होती. आई दुसऱ्याच्या कापणीला होती. तरीकडून दोन दिवस ओ आली नव्हती, म्हणून चौथ्या दिवशी तिला डोलीत घालून उगमाकडच्या वाटेने नेले. अर्ध्या वाटेवर डोली खाली ठेवली आणि मग उचलली ती घराकडे.

तिची आई पडवीत बसून भाताच्या ओंब्या निवडत होती. नव्या भाताच्या. आमच्याकडे पाहून तिने हात थांबवला नाही.

"तुमीच सांगितलास मा, आजाऱ्याक नेतत म्हणान," ती म्हणाली. "म्हणान शेवंती दुसऱ्या दिसा परत गेला. मी म्हटलंय, जाव नको. म्हणाला, नाय आये, नेतत, तेंनी सांगितल्यानी हा."

भिवाने विचारले, "तिना परत हाक कित्याक मारली नाय?" आवाज त्याचा वाटत नव्हता.

"एक हाक मारूक तेका किती येळ बसाचा लागा, म्हायत आसा तुका?"

ओंब्यांचा खसखस आवाज तेवढा येत होता. मग तिने पहिल्यांदा वर पाहिले. भिवाकडे नाही, माझ्याकडे.

"घरी इला तेव्हा भियालला. हात थंडगार. म्हणाला, आये, पलतडी माणसां बसली हत. सात जणां. माजी हाक तेंका पोचता, तोंडां माज्याकडेच आसत. पण कोण हलणा नाय, ओ देणा नाय. आये, ती माणसां न्हय. जिती माणसां हाकेक ओ देतत."

ती पुन्हा ओंब्या निवडू लागली.

परत येताना होडीत आम्ही दोघेच होतो. काठ सोडण्यापूर्वी भिवाने वल्हे होडीच्या काठावर दोनदा आपटले. ठक्-ठक्. मग तो निघाला.

धक्का दोन उन्हाळ्यांत बांधून झाला. चांगला, जांभ्या दगडाचा. त्यावरून उतरताना त्यानंतर कोणी बुडाले नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. संप झाला नसता तर तो धक्का कधी झाला असता, मला माहीत नाही. झाला असता असे म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. आबा त्या धक्क्यावर कधी बसले नाहीत. पण त्यांनी संपाला चूकही म्हटले नाही. एकदा मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "बसाचा लागलाच असता, मास्तरानु. पण एकान पलतडी जावन बसाचा होता." इतके साधे होते. सातांपैकी एकाने पहिल्याच दिवशी पलीकडे उतरून राहायचे होते, ज्याला दम नाही त्याच्या वतीने हाक मारायला. आम्ही सगळे एकाच काठावर बसलो.

भिवा मात्र बदलला. तो एका हाकेवर होडी सोडू लागला. सकाळ असो, दुपार असो. नंतर नंतर हाक नसली तरी. बगळा ओरडला, बांधावर कोणी गुराला हाकलले, की वल्हे वाजे आणि होडी निघे. रिकामी होडी पलीकडे जाऊन उंडीखाली टेकायची, थोडा वेळ थांबायची आणि परत यायची. परत येताना तो होडीच्या पुढच्या बाजूला कोणी बसले असावे तसा तोल सांभाळून वल्हवायचा. सुरुवातीला लोक हसत. मग हसायचे थांबले. दुपारच्या त्या फेरीत त्याच्या होडीत दुसरे कोणी बसत नसे. पूल व्हायच्या पुष्कळ आधी तो गेला, अंथरुणावर, साध्या तापाने.

माझी नोकरी पुढे मुंबईच्या वर्तमानपत्रांत झाली. मोर्चे, बंद, रास्ता रोको यांच्या बातम्या वर्षानुवर्षे टेबलावर आल्या. 'जनजीवन विस्कळीत' हे शब्द मी किती वेळा जुळवले असतील त्याची गणती नाही. दोन्ही बाजूंचे ऐकून घ्यायची शिस्त होती. आंदोलक म्हणत, आमचे कोणी ऐकत नाही. ते बहुधा खरे असे. अडकलेले म्हणत, आमचा काय दोष. तेही खरे असे. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रकात एक ओळ असे: रुग्णवाहिकांना वाट करून दिली जाईल. ती ओळ मी कधी कापली नाही. पण ती वाचताना हात थांबायचा. वाट करून देणारे पुष्कळ असतात. ज्याला वाट मागता येईल इतका श्वास उरला आहे का, हे पाहायला कोण गेले आहे, ते पत्रकात नसते. ते विचारायला फोन उचलायचो. बहुतेक वेळा पलीकडे कोणी उचलत नसे.

'कोठेही अनुचित प्रकार घडला नाही' हे वाक्य मात्र मी पुन्हा कधी लिहिले नाही. दुसऱ्याने लिहिले तर त्याला विचारत असे, सगळीकडे जाऊन पाहिलेस का?

यंदाही आलो आहे. मळे कापून झालेत, चतुर उडताहेत. पुलावरची रहदारी दुपारी थोडा वेळ थांबते, तेव्हा खाली पूर्वीचीच शांतता उतरते. धक्क्याच्या पायरीवर बसलो आहे. पाणी थांबले आहे. समोर उंडी अजून उभी आहे, आणखी पसरली आहे.

आत्ता पलीकडून हाक आली. एकच. कोणी पोराला जेवायला बोलावले असेल किंवा गुराला. शेवटचे अक्षर वर गेल्यासारखे वाटले, पण पाण्यावरून येणाऱ्या आवाजाची खात्री देता येत नाही.

मी ओ दिली. मोठ्याने दिली, पुलावरून चाललेल्या सायकलवाल्याने वाकून खाली पाहिले.

उंडीखालची सावली या तासाला फार काळी असते. तिच्यात कोणी आहे की नाही, ते इकडून दिसत नाही.